युन्नान बाययाओ नेमकं काय आहे? मुक्या मारावरच्या चिनी औषधाची सगळी गोष्ट

युन्नान बाययाओची मूळ बाटली अगदी छोटी असते, आत फक्त ४ ग्रॅम पूड, करडट पिवळ्या रंगाची, वास जरा वेगळाच. जिभेला लावली तर आधी गार लागते आणि मग जीभ थोडी बधिर होते, आणि हे माझं निरीक्षण नाही, औषधासोबतच्या माहितीपत्रकात कंपनीनेच छापलंय. ही बधिरतेची गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाटलीत पुडीसोबत एक बारीक लाल गोळी पण असते. कॅप्सूलचं पाकीट घेतलं तर त्यात प्रत्येकी ०.२५ ग्रॅमच्या १६ कॅप्सूल आणि मधोमध एका खळग्यात तीच लाल गोळी. माहितीपत्रक सांगतं की मार जबर असेल तर आधी ती लाल गोळी घ्या, साध्या मारासाठी तिला हात लावायची गरज नाही.

माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे हे पाकीट अधूनमधून काउंटरवर येतं. आपली बरीच पोरं एमबीबीएसला चीनला गेली, कुणाचा भाऊ सिंगापूरला, कुणाची नणंद मलेशियात, येताना कुणीतरी सांगितलेलं असतं की हे रक्त थांबवायला रामबाण आहे म्हणून आणलेलं असतं. मग घरात कुणी गाडीवरून पडलं की विचारतात, ताई हे देऊ का? एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे सगळं नीट बसून लिहिते.

आधी बेसिक. आपल्याला कापलं की शरीर तीन गोष्टी करतं. रक्तवाहिनी स्वतः आकसते, म्हणजे नळी बारीक होते आणि रक्त कमी जातं. मग प्लेटलेट्स तिथे धावत येतात आणि फटीला चिकटून एकमेकींवर चढत जातात. आणि तिसरं म्हणजे रक्तातली प्रथिनं एकामागोमाग एक जागी होऊन फायब्रिन नावाचे चिवट धागे विणतात. भिंतीचं भगदाड बुजवताना आधी विटा रचायच्या आणि मग वरून सिमेंट मारायचं, तसंच हे, प्लेटलेट म्हणजे वीट आणि फायब्रिन म्हणजे सिमेंट. यात चौथी गोष्ट पण आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे शरीर त्याच वेळी ही गाठ विरघळवायची पण तयारी ठेवतं, कारण गाठ कायमची राहिली तर तीच रक्तवाहिनी बंद करेल. रक्त थांबवणारं बहुतेक औषध, मग ते कुठल्याही देशातलं असो, या चारपैकी कुठल्यातरी एका जागी काम करतं.

आता हाच मार आतून लागला तर? चामडी फाटली नाही, रक्त बाहेर आलं नाही, पण आत केशवाहिन्या फुटल्या आणि ते रक्त मांसात साकळलं. आपण ज्याला मुका मार म्हणतो तो. जागा काळीनिळी पडते, सुजते, ठणकते. चिनी वैद्यक या साकळलेल्या रक्ताकडे फार गांभीर्याने बघतं. त्यांचं म्हणणं असं की रक्त जिथे अडकतं तिथे दुखतं आणि ते हललं की दुखणं जातं, म्हणून मार लागल्यावरच्या औषधाने दोन कामं करायला हवीत, वाहतंय ते थांबवायचं आणि साकळलंय ते हलवायचं. ऐकायला उलटसुलट वाटतं ना? पण बाययाओच्या माहितीपत्रकात हे अगदी स्पष्ट दिसतं. चाकू, बंदुकीची गोळी, पडणं, आपटणं अशा जखमांत रक्त वाहत असेल तर पूड कोमट पाण्याबरोबर घ्या, आणि रक्त न वाहता नुसती सूज आणि ठणका असेल तर तीच पूड दारूबरोबर घ्या. पूड एकच आणि डोसही तोच, फक्त काम बदललं की ती कशाबरोबर घ्यायची ते बदलतं.

हे औषध कुठून आलं? चीनच्या नैऋत्येला युन्नान प्रांत आहे, म्यानमार, लाओस आणि व्हिएतनामला लागून, डोंगराळ, जंगलं भरपूर आणि वनस्पतींचं वैविध्य प्रचंड. तिथल्या च्यांगछुआन भागातले छ्यु ह्वानचांग, जन्म १८८०, हे हाडं बसवणं आणि जखमा बऱ्या करणं असली कामं करणारे वैद्य, आपल्याकडच्या हाडवैद्यांच्या जातकुळीतले. त्यांनी १९०२ च्या सुमारास ही पूड तयार केली असं मानतात, तेव्हा तिचं नाव पायपाओतान होतं. एक कथा अशी की त्यांनी जखमी केलेला वाघ कुठलीतरी वनस्पती चघळून बरा झाला आणि त्यावरून त्यांना हे सुचलं. ही दंतकथाच आहे, अशा कथा जवळजवळ प्रत्येक जुन्या औषधामागे असतात, त्यावर फार वेळ घालवू नका.

खरं महत्त्वाचं आहे ते सानची नावाचं मूळ, कारण ते छ्यु यांच्याही खूप आधीचं आहे. सानची म्हणजे जिनसेंगच्याच कुळातली वनस्पती, शास्त्रीय नाव पॅनाक्स नोटोजिनसेंग, आणि ती मुख्यतः युन्नानच्या वनशान भागात पिकते. ऊन सोसत नाही, म्हणून शेतकरी वर जाळ्या-मांडव घालून सावलीत वाढवतात, आणि मूळ काढायला निदान तीन वर्षं थांबावं लागतं. मिंग काळातला मोठा वनौषधी-अभ्यासक ली शिचन याने १५७८ ला पूर्ण केलेल्या ग्रंथात सानचीबद्दल लिहिलंय की ही अलीकडेच माहीत झालेली वस्तू आहे आणि दक्षिणेकडच्या सैन्यात शस्त्रांच्या जखमांवर मुख्य औषध म्हणून वापरतात. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीपण हे सैनिकांचंच औषध होतं. बाययाओचा मुख्य घटक सानचीच आहे असं मानलं जातं. मग छ्यु यांनी काय केलं, तर सानचीसोबत युन्नानमधल्या इतर काही वनस्पती मिसळल्या, प्रमाण ठरवलं आणि ती लाल गोळी बनवली.

मग आलं युद्ध. १९३८ च्या वसंतात जपानी सैन्याविरुद्ध ताय-अर-च्वांगची लढाई झाली, त्या आघाडीवर युन्नानच्या साठाव्या आर्मीचे सैनिक लढायला गेले तेव्हा छ्यु यांनी त्यांना हजारो बाटल्या मोफत दिल्या. जखम झाली की थोडी पूड पोटात, थोडी जखमेवर, आणि पुन्हा बंदूक हातात, अशा कहाण्या तिथून पसरल्या. त्या काळात आघाडीवर रक्त चढवण्याची सोय नव्हती, अँटिबायोटिक नव्हते, डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. आपल्या लोकांना तो काळ समजायला सोपा आहे, कारण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आठव्या रूट आर्मीच्या जखमी सैनिकांवर ऑपरेशन्स करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. जिथे डॉक्टरच परदेशातून बोलवावे लागत होते तिथे खिशात मावणारी, उकळावी लागत नाही, नासत नाही अशी एक पूड किती मोलाची असेल याचा विचार करा. माझ्या मते बाययाओची कीर्ती निम्मी तिच्या गुणामुळे आणि निम्मी या सोयीमुळे झाली, आणि यात कमीपणा काहीच नाही, रणांगणावर सोय हाच मोठा गुण असतो.

छ्यु यांचा शेवट मात्र वाईट झाला. १९३८ सालीच ते चोंगछिंगला गेले, तिथे फॉर्म्युला द्यावा म्हणून त्यांच्यावर वरून दबाव आला, त्यांनी नकार दिला आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला असं सांगितलं जातं. फॉर्म्युला राहिला पत्नी म्याओ लानयिंग यांच्याकडे. १९५५ मध्ये त्यांनी तो कुनमिंगच्या सरकारकडे सोपवला, पुढच्याच वर्षापासून सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झालं, नाव युन्नान बाययाओ पडलं, आणि १९७१ मध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांच्या सूचनेनंतर यासाठी वेगळा कारखाना उभा राहिला. आणि तेव्हापासून फॉर्म्युला सरकारी गुपित. आज कंपनी शेअर बाजारात आहे, पूड, कॅप्सूल, स्प्रे, मलम, बँडेजपट्टी, टूथपेस्ट असं सगळं विकते, पण आत नक्की काय आणि किती, हे पूर्ण कुणालाच सांगत नाही.

मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त खटकतं ते हेच गुपित, आणि ते का खटकतं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पण आधी औषधात काय आहे आणि ते काम करतं का ते बघू, नाहीतर नुसती तक्रार होईल.

सानचीच्या मुळात डेन्सिचिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. रक्त थांबवण्याचं श्रेय बरंचसं याला देतात, प्लेटलेट वाढवायला आणि त्या एकत्र यायला ते मदत करतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. आता विदर्भातल्या वाचकांनी इथे कान टवकारा, कारण हा रेणू तुमच्या ओळखीचा आहे. लाखोळीच्या डाळीत जे विष असतं, ज्याच्यामुळे दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखोळी खाल्लेल्या माणसांचे पाय लुळे पडायचे आणि ज्यापायी १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, तोच हा रेणू, ओडीएपी म्हणतात तो. चीनमध्ये रक्त थांबवणारा म्हणून नावाजला, आपल्याकडे लॅथिरिझमचा गुन्हेगार म्हणून. दोन्ही खरं आहे, फरक मात्रेचा आणि किती दिवस पोटात जातं त्याचा. दिवसाला ग्रॅम-दोन ग्रॅम पूड आठवडाभर आणि ताटभर डाळ वर्षभर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे सानचीने पाय लुळे पडतील असं अजिबात म्हणत नाहीये मी. पण नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे, हे वाक्य किती पोकळ आहे ते यावरून कळतं.

अजून एक गंमत आहे यात. डेन्सिचिन उष्णतेने कमी होतं. चिनी वैद्य शतकानुशतकं सांगत आलेत की कच्ची सानची जखमेसाठी आणि वाफवलेली सानची ताकदीसाठी, तिथल्या बायका वाफवलेली सानची कोंबडीच्या सूपमध्ये घालतात. प्रयोगशाळेत बघितलं तर वाफवल्यावर रक्त थांबवणारा भाग घटतो आणि सॅपोनिन नावाच्या दुसऱ्या गटातले रेणू बदलून नवे तयार होतात. म्हणजे जुन्या लोकांनी रेणूचं नाव माहीत नसताना नुसत्या अनुभवावरून फरक बरोबर पकडला होता. असं काही वाचलं की मला खरंच त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आणि हे सॅपोनिन म्हणजे नाण्याची दुसरी बाजू, कारण ते रक्त थांबवत नाहीत, उलट प्रवाह सुधारतात, प्लेटलेट एकत्र येणं कमी करतात. सानचीतून काढलेले हे सॅपोनिन चीनमध्ये मेंदूत रक्ताची गाठ अडकून होणाऱ्या पक्षाघातावर सर्रास देतात. २०२३ मध्ये यावर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ३००० हून जास्त रुग्ण, निम्म्यांना सॅपोनिनच्या कॅप्सूल आणि निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या, आणि तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण औषधवाल्यांत ८९.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ८२.४ टक्के निघालं. म्हणजे एकाच मुळात रक्त थांबवणारा रेणू पण आहे आणि रक्त वाहतं ठेवणारे पण. थांबवायचं आणि हलवायचं अशी दोन्ही कामं एकाच औषधाने, हे जे सुरुवातीला उलटसुलट वाटलं होतं त्याला निदान काही आधार आहे. पण यातूनच अडचण पण उभी राहते. तुमच्या शरीरात त्या दिवशी त्या डोसला कुठली बाजू वरचढ ठरेल? प्रमाणच माहीत नसेल तर सांगणार कसं?

बरं, अख्ख्या बाययाओवर काय पुरावा आहे? १९७० च्या दशकात हाँगकाँगमधल्या संशोधकांनी उंदीर आणि सशांवर प्रयोग केले, त्यात रक्त गोठायचा वेळ कमी झालेला दिसला. माणसांवरचा एक बरा अभ्यास २००९ चा आहे, जबड्याच्या मोठ्या ऑपरेशनआधी काही रुग्णांना बाययाओच्या कॅप्सूल दिल्या आणि काहींना नकली, कुणाला काय दिलंय हे रुग्ण किंवा सर्जन दोघांनाही माहीत नव्हतं, आणि बाययाओवाल्यांचं ऑपरेशनमध्ये रक्त कमी गेलं. दुसरीकडे अमेरिकेत कुत्र्यांचे डॉक्टर हे बऱ्याच वर्षांपासून देतात, विशेषतः प्लीहेच्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरमध्ये जिथे आतल्या आत रक्तस्राव होतो, पण निरोगी बीगल कुत्र्यांना देऊन रक्त गोठण्याच्या टेस्ट केल्या तर फरक दिसला नाही, आणि हृदयाभोवती रक्त साचणाऱ्या कुत्र्यांत दिल्याने ते पुन्हा साचायचं लांबलं नाही. एकूण चित्र असं की काहीतरी आहे, पण किती आणि कुणासाठी ते पक्कं नाही. चीनमध्ये याच्यावर छोटे छोटे अभ्यास ढिगाने झालेत पण बऱ्याच अभ्यासांची रचना कच्ची आहे, तुलनेसाठी नीट गटच नाही, त्यावर मोठी इमारत उभी करता येत नाही.

आता ती जिभेची बधिरता. २०१३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या आरोग्य खात्याने तपासणी केली आणि बाययाओच्या मालात अकोनाइटची अल्कलॉइड सापडली, जी पाकिटावर लिहिलेली नव्हती. माल बाजारातून परत मागवला गेला. अकोनाइट म्हणजे कोण? आपला बचनाग. तंतोतंत तीच जात नाही, चीनमध्ये त्साओवू म्हणतात ती त्याची बहीण, पण विष त्याच कुटुंबातलं, अकोनिटिन. हे विष हृदयाच्या आणि नसांच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, बंदच होऊ देत नाही, त्यामुळे आधी ओठ-जीभ-हातपाय झिणझिणतात, बधिर होतात, मग उलट्या, आणि शेवटी हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो, शुद्ध अकोनिटिनचे काही मिलीग्राम पुरतात.

इथे घाबरून लगेच पाकीट फेकायची गरज नाही. आयुर्वेदात पण बचनाग वापरतात, पण शोधन केल्याशिवाय नाही, गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून. चीनमध्ये त्साओवू भिजवून बराच वेळ उकळतात. दोन्हीकडे रसायन एकच घडतं, पाणी आणि उष्णतेने अकोनिटिन तुटतं आणि त्याचे तुकडे मूळ विषापेक्षा कितीतरी पटींनी सौम्य असतात, आणि वेदना कमी करायचा गुण थोडा राहतो. कंपनीचं म्हणणं हेच होतं की प्रक्रियेत विष निघून जातं. मान्य, जात असेल. पण मग आधीच का नाही सांगितलं? ज्या माणसाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, जो दुसरी कुठली हृदयाची गोळी घेतोय, त्याला हे कळायचा हक्क नाही का? त्यानंतर चीनच्या औषध खात्याने विषारी घटक असेल तर तो छापलाच पाहिजे असं सांगितलं आणि माहितीपत्रकावर त्साओवूचं नाव आलं. म्हणजे १९०२ पासून धरलं तर शंभरेक वर्षं लोक हे पोटात घेत होते आणि यातल्या सगळ्यात धोकादायक वस्तूचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्याआधी अमेरिकेत विकताना मात्र कंपनीने घटकांची नावं दिली होती, कारण तिथे त्याशिवाय विकताच येत नाही, आणि ते कळल्यावर चिनी लोकच चिडले की आमच्यापासून गुपित आणि त्यांना सगळं उघड. त्यांचा राग रास्तच होता असं मला वाटतं.

पाठोपाठ टूथपेस्टचं प्रकरण. बाययाओची टूथपेस्ट चीनमध्ये प्रचंड खपते, हिरड्यांतून रक्त येणं थांबतं म्हणून. २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की घटकांच्या यादीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे, आणि चर्चेला उधाण आलं. हे नाव आपल्याकडे पण घरोघरी माहीत आहे, पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टर लिहून देतात ती गोळी. हे काही जडीबुटीचं औषध नाही, जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने १९६२ मध्ये शोधलेला रेणू आहे, आणि ते काम करतं त्या चौथ्या जागी, म्हणजे झालेली गाठ लवकर विरघळू देत नाही. कायद्याने ते टूथपेस्टमध्ये घालायला बंदी नव्हती. पण ग्राहक समजत होता की युन्नानच्या डोंगरातल्या मुळाने माझ्या हिरड्या बऱ्या झाल्या, आणि आत अजून एक वाटेकरी होता.

आणि या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोष्ट बाययाओच्या अगदी उलटी आहे म्हणून जरा थांबून सांगते. त्याचा फॉर्म्युला जगजाहीर, कुणीही बनवू शकतं. २०१० मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली, ४० देश, २० हजारांवर जखमी माणसं, भारतातली हॉस्पिटलं पण होती त्यात. ज्यांना हे इंजेक्शन दिलं त्यांच्यात मृत्यू १४.५ टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात १६ टक्के. दीड टक्का छोटा वाटतो, पण हजार जखमींमागे पंधरा माणसं घरी परत येतात. आणि पुढे अजून बारकाईने बघितल्यावर हे पण कळलं की तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा, त्यानंतर दिलं तर नुकसान होऊ शकतं. हे कळलं कसं? सगळं उघड होतं म्हणून, प्रत्येक ॲम्प्यूलमध्ये काय आणि किती ते ठाऊक होतं, जगातल्या कुणालाही तपासता येत होतं. बाययाओला ही संधीच मिळाली नाही. त्यातलं कुठलं मूळ किती उपयोगी, लाल गोळीत जास्त काय असतं, किती वेळात घ्यावं, वयस्कर माणसाला किती, हे प्रश्न कुलूपबंद आहेत. ज्या बाईने नवरा गेल्यावर फॉर्म्युला जपला आणि लोकांच्या कामी यावा म्हणून देऊन टाकला तिचं देणं एका तिजोरीतून निघून दुसऱ्या तिजोरीत गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाययाओ एकटं नाही हे पण सांगून ठेवते. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगचौ-फोशान भागात, कुंग फू शिकवणारे उस्ताद आणि हाडवैद्य हे बहुतेकदा एकच माणूस असायचे, आपल्याकडे तालमीत वस्ताद खांदा बसवून द्यायचे तसं. वाँग फेइ-हुंग हा प्रसिद्ध योद्धा स्वतः असा दवाखाना चालवायचा. त्यांचं औषध म्हणजे दारूत महिनोन्‌महिने मुरवलेल्या वनस्पतींचा अर्क, फक्त बाहेरून चोळायचा. प्रत्येक घराण्याचा वेगळा. त्यात नेहमी सापडणाऱ्या दोन वस्तू आपल्या घरातल्या आहेत, एक करडईच्या फुलाच्या पाकळ्या आणि दुसरा हिराबोळ. सोलापूर-मराठवाड्यात करडई आपण तेलासाठी पिकवतो, ते लोक पाकळ्या साकळलेलं रक्त हलवायला वापरतात. आणि बोळ बाळंतिणीला देतो आपण. आपल्याकडे मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावतात ना, त्याच विचारातली ही सगळी मंडळी. बाहेरून लावायच्या या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही, चामडी फाटलेली नसेल आणि ॲलर्जी नसेल तर लावा, चोळताना हाड मोडलेलं नाही ना एवढं मात्र आधी बघा. अकोनाइट असलेले अर्क पण असतात, ते फाटलेल्या चामडीवर लावले तर विष आत जातं.

तर मग काउंटरवरचा प्रश्न. गाडीवरून पडलं, रक्त वाहतंय, पूड देऊ का? आधी स्वच्छ कापड घेऊन जखमेवर जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा, दहा मिनिटं तरी, मधेमधे उचलून थांबलं का बघू नका, कारण उचललं की नुकतीच बसलेली गाठ निघते. रक्त उसळत येत असेल, थांबतच नसेल, तर दाबत दाबतच १०८ ला फोन. डोक्याला मार असेल, उलटी झाली, गुंगी येतेय, पोट कडक झालंय, लघवी लाल होतेय, तर घरी कुठलंच औषध देऊ नका, ना चिनी ना आपलं ना ऍस्पिरिन, सरळ हॉस्पिटल, कारण आतल्या रक्तस्रावात गेलेला अर्धा तास पूड भरून देत नाही. आणि उघड्या जखमेत पूड भरू नका, पुढे टाके घालणाऱ्याला ती सगळी धुवून काढावी लागते.

साधा मुका मार आहे, डॉक्टरने बघितलंय, हाड ठीक आहे, आणि तरी घ्यायचंच आहे म्हणत असाल तर माहितीपत्रक काय सांगतं ते ऐका. मोठ्या माणसाला एका वेळी ०.२५ ते ०.५ ग्रॅम, म्हणजे एक किंवा दोन कॅप्सूल, दिवसातून चार वेळा, आणि एका वेळी ०.५ ग्रॅमच्या वर जायचं नाही. गरोदर बाईने अजिबात घ्यायचं नाही. घेतल्यावर एक दिवस मासे, बाकला शेंगांच्या बिया, आंबट आणि थंड वर्ज्य. दारूबरोबर घ्या असं लिहिलेलं असलं तरी मी तो सल्ला कुणाला देणार नाही, वेदनाशामक गोळी चालू असताना दारू पोटाला आणि लिव्हरला महागात पडते. माझ्याकडून अजून थोडी भर, ज्यांना वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, ठोके अनियमित आहेत, किंवा ऑपरेशन ठरलंय, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. लहान मुलांना तर मी सरळ नाहीच म्हणते. तोंडाभोवती मुंग्या आल्या, जीभ जास्तच जड झाली, छातीत धडधडायला लागलं तर थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा, तिथे ईसीजी काढायला सांगा. जाताना पाकीट आणि आतला कागद दोन्ही सोबत न्या, चिनीत असला तरी न्या, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की यात बचनागाच्या जातीचं मूळ आहे, म्हणजे तो काय शोधायचं ते शोधेल.